अण्णांचा राहून गेलेला दौरा

पिंपरी-चिंचवड बघायला म्हणून कुणी जात नाही. लोक तिथं नोकरीला जातात, पाहुण्यांकडे जातात, नाहीतर पुण्याला जाताना वाटेत लागतं म्हणून खिडकीतून बघतात. आम्ही मात्र खास बघायला गेलो. आई, अण्णा आणि मी चिपळूणहून निघालो. तिथं फिरवायला माझी मुलगी तन्वी होती. ह्यांना दुकान सोडून येता आलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. तिथल्या एका कंपनीत ते टर्नर होते, लेथवर लोखंड कातायचे. कासारवाडीत रेल्वेलाइनच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. मी नववीत असताना कंपनी बंद पडली. आम्ही सामान ट्रकमध्ये भरून गावी आलो, आणि त्यानंतर अण्णा एकदाही तिकडे फिरकले नाहीत. ओळखीपाळखीत लग्नं आली, बारशी आली. दरवेळी आई एकटी जाऊन आली. आता तन्वी ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनंच फोनवर गळ घातली. "आजोबा, एक दिवस द्या मला. सकाळपासून फिरवते आणि संध्याकाळी पुण्यात नाटक दाखवते. तिकिटं काढलीयेत." नातीपुढे अण्णांच्या गुडघ्यांची सबब टिकली नाही.

गुरुवारी संध्याकाळी पोचलो. तन्वीच्या मैत्रिणीची खोली रिकामी होती, तिथं पथारी पसरली. शुक्रवार आमचा फिरायचा दिवस.

हिंजवडी

तन्वीला आधी हिंजवडी दाखवायची होती, कारण तिला पुढं तिथंच नोकरी करायचीय. पण काचेच्या इमारती बघायच्या तर आधी त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. साडेआठला टॅक्सीत बसलो आणि पुलाखाली जे अडकलो ते तास-सव्वा तास तिथंच. डावी-उजवीकडे कंपन्यांच्या गाड्या. प्रत्येक गाडीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण पोरं-पोरी, काचेला डोकं टेकवून गाढ झोपलेली.

"बाई, ही कामाला निघालीयेत की कामावरून आलीयेत?" आईनं विचारलं.

"दोन्ही, आजी," तन्वी म्हणाली.

आईनं पिशवीतून घावनांचा डबा काढला. घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. ड्रायव्हरलाही एक घडी करून दिलं. तो लातूरकडचा होता, म्हणाला, "आमच्याकडं ह्याला धिरडं म्हणत्यात, पण एवढं पांढरं नसतंय." अण्णा खिडकीतून बघत होते. म्हणाले, "आमच्या वेळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला की हायवेवर सायकलींचा असाच लोंढा लागायचा. फरक एवढाच की तो पुढं सरकायचा."

शेवटी त्या इमारती लांबून बघितल्या आणि गाडी वळवली. तन्वी हिरमुसली. आई तिला म्हणाली, "दिसल्या गं. चकाकत होत्या चांगल्या."

पिंपरी

पिंपरी कॅम्पात मात्र मी पुढं आणि तन्वी मागं, असं झालं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची ही बाजारपेठ. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई मला इथं कापड घ्यायला आणायची, आणि खरेदी झाली की दाल-पकवान. ताटलीएवढी कुरकुरीत पुरी, शेजारी वाटीत हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची चटणी आणि बारीक कांदा. आमच्या कोकणात सकाळी सकाळी डाळ कुणी खात नाही. इथं नऊ वाजल्यापासून रांग. मी पकवान मोडलं आणि त्या आवाजासरशी मला माझ्या चौथीतल्या फ्रॉकची लेस आठवली. कशाला, कुणास ठाऊक. पण आठवली.

तिथून कंपनी. म्हणजे कंपनीची जागा. आता तिथं बावीस-बावीस मजल्यांचे पाच टॉवर उभे आहेत. गेटवरच्या रखवालदारानं वहीवर पेन टेकवून विचारलं, "काका, कुणाकडं जायचंय?"

"लेथ शॉपमध्ये," अण्णा म्हणाले.

त्यांच्या तोंडून निघून गेलं ते. रखवालदार वहीत फ्लॅट नंबर शोधायला लागला. मग मी पुढं होऊन सगळं समजावलं. त्यानं अण्णांकडे एकदा नीट बघितलं आणि फाटक उघडलं. "पाच मिनिटं बघा काका. मी संगट येतो, म्हंजे कुणी विचारणार न्हाई."

आत अण्णा आमच्यापुढं चालत होते, गुडघे विसरून. एका जुन्या पर्जन्यवृक्षाशी थांबले. "हे आमचंच." मग झाडापासून सरळ, डावीकडे, पुन्हा सरळ असे जात पोहण्याच्या तलावाच्या कठड्याशी आले. तलावात एक बाई चार-पाच लहान मुलांना पाय मारायला शिकवत होती.

"इथं," अण्णा म्हणाले.

त्यांचा उजवा हात थोडा वर आला होता, लेथच्या चाकाच्या मुठीवर ठेवतात तसा. आई दुसरीकडे बघायला लागली. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "पाणी स्वच्छ ठेवलंय," आणि मागं वळले.

कासारवाडी

पिंपरीहून कासारवाडीला मेट्रोनं गेलो. दोनच स्टेशनं मध्ये, पण आईला उतरू नये असं वाटत होतं. ज्या हायवेवर ती पदराचा बोळा नाकाशी धरून बसची वाट बघायची, तो हायवे खाली आणि ती वर गारव्यात. "सुनी, बघ, इथून सगळ्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात," ती मला म्हणाली. आमच्या खोल्या होत्या तिथं आता एक इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर व्यायामशाळा. आम्ही समोर उभं राहून फोटो काढला. आतल्या घामाघूम पोरांना वाटलं त्यांचाच काढतोय. त्यांनी दंड दाखवले.

तेवढ्यात तन्वीच्या फोनवर निरोप आला. पुण्यातला प्रयोग रद्द. मुख्य नटाचा आवाज बसला होता. तन्वीच्या डोळ्यांत पाणीच आलं. सकाळी हिंजवडी गेली, आता नाटक गेलं. अण्णा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. बरंच झालं, पाय दुखतायत." मला त्यांचा आवाज जरा जास्तच मोकळा वाटला.

चार पावलांवर अण्णांच्या जुन्या मित्राचं, रफिकचाचांचं दुकान होतं. जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं काम ते पन्नास वर्षं करतायत. ते मूळचे इथल्याच गावातले. अण्णांना बघून हातातली पक्कड त्यांनी तशीच टाकली.

"सुर्वे! आरं, जित्ता हायस व्हय!"

दोघं बराच वेळ एकमेकांचे दंड धरून उभे होते. मग रफिकचाचा आईकडे वळले. "वहिनी, ह्यो माणूस तुमी येता तवा कधी संगट आला न्हाई. आमचं काय चुकलं?"

ह्या दोघांची मैत्री नाटकातली. कंपनीच्या कामगारांचं एक नाट्यमंडळ होतं. दरवर्षी स्पर्धेत उतरायचं. अण्णा मुख्य काम करायचे आणि रफिकचाचा बाहेरून येऊन प्रकाशयोजना सांभाळायचे. घरी आई एका हातानं भाकरी थापत, दुसऱ्या हातात वही धरून समोरच्या पात्राचे संवाद वाचायची आणि अण्णा दारात उभे राहून आपले म्हणायचे. मी सहा वर्षांची असताना हे सगळं एकदम बंद झालं. अण्णांनी पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. का, ते घरात कुणी बोललं नाही. मला मात्र माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

जेवायला चाचांनी सोडलंच नाही. दुकानाच्या माडीवर घर. सुनेनं दालचा आणि भात वाढला. मटणाच्या तुकड्यांबरोबर दुधीच्या फोडी आणि चिंचेचा आंबटपणा. "खोबऱ्याशिवाय एवढी चव?" म्हणत आईनं दोनदा घेतला. रद्द झालेल्या नाटकाचं ऐकून चाचा म्हणाले, "मंग आमच्याकडं या की! चिंचवडला कामगारांची स्पर्धा चालू हाय. आज चाकणच्या पोरांचं नाटक हाय, आन लाइट माझी हाय."

"ह्या वयात शिडीवर चढतोस?" अण्णा म्हणाले.

"चढतंय कोण? आता बटनं दाबतो. येतोस ना?"

"नको रे. हे गुडघे..."

"मला बघायचंय," आई म्हणाली. एवढंच. पण ती एवढं स्वतःसाठी कधी मागत नाही, म्हणून जायचं ठरलं.

चिंचवड

दुपारी नदीकाठी देवळात थोडं टेकलो. पवनेच्या पाण्यावर जलपर्णी होती तरी घाटावर वारा चांगला होता. साडेपाचला नाट्यगृहात शिरलो. प्रेक्षक म्हणजे निम्मे कंपनीचे शर्ट घातलेले, पहिल्या पाळीतून परस्पर आलेले. काही जणांची बायका-मुलंही होती. पुढच्या रांगेतला एकजण वळून म्हणाला, "भावा, मोबाइल बंद कर, आपला पक्या घाबरंल." त्याच्या मागं बसलेला "हो राव" म्हणाला.

दिवे गेले. मी शेवटची अशी कामगारांच्या स्पर्धेत बसले होते ती सहा वर्षांची, आईच्या मांडीवर. त्या नाटकात अण्णांना चौघं मिळून मारायचे. मी किंचाळत उठले होते, "माझ्या अण्णांना मारू नका!" सगळं नाट्यगृह माझ्याकडे बघत होतं. आईला मला उचलून बाहेर न्यावं लागलं. त्या वर्षी मंडळाला बक्षीस मिळालं नाही आणि अण्णांनी नाटक सोडलं. चाळीस वर्षं मी हे कुणाला विचारलं नव्हतं. दोन आणि दोन चार केले होते, बस.

चाकणच्या पोरांचं नाटक साधं होतं. तीन कंत्राटी कामगार एका खोलीत राहतात. तिघांच्या पाळ्या तीन, खाट एक. एक उठतो तेव्हा दुसरा येऊन झोपतो. वर्षभर एका छपराखाली राहून त्यांची नीट भेट नाही. एकमेकांना ओळखतात ते भिंतीवर खडूनं लिहिलेल्या निरोपांवरून. पोरं कच्ची होती. एकजण महत्त्वाचं वाक्य प्रेक्षकांकडे पाठ करून बोलायला लागला, तेव्हा अण्णा पुटपुटले, "फिर बाळा, फिर... इकडं फिर." तो फिरला. अण्णांनी श्वास सोडला. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते.

मध्यंतरात रफिकचाचा वरून खाली आले. बटाटेवड्यांची पुडी उघडून सगळ्यांपुढं धरली. रंगात होते. "पोरगं बरं करतंय ना? पर सुर्वे, तुझ्यासारखा न्हाई. तवा त्या दौऱ्याला गेला असतास ना, तर आज..."

"रफिक," अण्णा म्हणाले.

"कुठला दौरा?" आईनं विचारलं.

चाचांचा वड्याचा घास तोंडात तसाच राहिला. त्यांनी अण्णांकडे बघितलं, मग आईकडे. "वहिनी, मला वाटलं तुमाला..." घंटा वाजली. ते "आलो, आलो" करत जिन्याकडे पळाले आणि आम्ही चौघं वडे हातात धरून उभे राहिलो.

दुसरा अंक मी बघितला असं म्हणवत नाही. आई समोर बघत होती, पण तिचा चेहरा मला माहीत आहे. तन्वीनं माझा हात धरला. रंगमंचावर ते तिघं पहिल्यांदाच एकत्र आले होते. कंपनीला सुट्टी होती, आणि खाटेवर कुणी झोपायचं हे ठरेना म्हणून तिघं जमिनीवर बसून राहिले. लोक हसले, मग एकदम गप्प झाले. वरून चाचांनी प्रकाश इतका सावकाश उतरवला की कधी काळोख झाला कळलं नाही. टाळ्या पडल्या. आईनंही वाजवल्या.

बाहेर गाड्या लावायच्या जागेजवळ सिमेंटचा बाक होता. आई त्यावर जाऊन बसली. "बसा," ती अण्णांना म्हणाली. मी आणि तन्वी जरा अंतरावर उभ्या राहिलो, पण ऐकू येत होतं. लांब जायला हवं होतं, गेलो नाही.

"कुठला दौरा?"

अण्णांनी सांगितलं. त्यांच्या शेवटच्या स्पर्धेला मुंबईच्या एका नाटक कंपनीचा व्यवस्थापक आला होता. त्याचा एक नट आजारी पडला होता. चांगलं काम होतं, दीड महिन्याचा दौरा, पुढंही ठेवून घ्यायची बोली. फॅक्टरी एवढी रजा देणार नव्हती. जायचं तर नोकरी सोडून. विचार करायला आठ दिवस दिले होते.

"आठ दिवस," आई म्हणाली. "आठ दिवस मी तुमच्यासमोर ताट वाढत होते. मला विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर तू जा म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं."

अण्णा पुढं बोलले, खाली बघून. "दोन पोरं, धाकटा पाळण्यात. तू जा म्हणाली असतीस आणि मी गेलो असतो. मला माझा भरवसा नव्हता, तुझा होता. नंतर मग ते कामगारांचं नाटकही नको वाटायला लागलं. तोंडाला रंग लावला की तेच आठवायचं. आणि हे गाव सोडल्यावर वाटलं, इकडं येऊच नये."

मला राहवलं नाही. पुढं जाऊन म्हणाले, "अण्णा, म्हणजे मी रडले म्हणून नव्हे?"

"कधी रडलीस?"

"नाटकात. तुम्हाला मारत होते तेव्हा."

अण्णा हसायला लागले. त्या दिवसातलं पहिलं हसू. "अगं वेडे, तुझं रडणं ऐकूनच तो व्यवस्थापक भेटायला आला होता. म्हणाला, पोरीला खरं वाटलं म्हणजे तुम्ही मार नीट खाताय."

मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले. मला हसायचं होतं, पण निराळंच काहीतरी झालं. तन्वीनं रुमाल दिला.

आईला अजून हसू आलं नव्हतं. ती समोरच्या स्कूटरींकडे बघत होती. चाकणची पोरं टेम्पोत खाट चढवत होती. मग तिनं विचारलं, "कुठली गावं होती?"

"कशाची?"

"दौऱ्याची."

अण्णा आठवायला थांबले नाहीत. "सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव. निपाणीला दोन प्रयोग."

"निपाणीला दोन का?"

"तंबाखूचा बाजार. पब्लिक भरपूर."

आई म्हणाली, "माझी धाकटी मावशी निपाणीला होती."

"तुझी मावशी? निपाणीला?"

"तिचे यजमान विड्यांच्या कारखान्यात मुकादम होते. मोठं घर होतं, मूलबाळ नव्हतं. दर दिवाळीला पत्र यायचं तिचं, पोरांना घेऊन महिना-दोन महिने येऊन राहा म्हणून. मी आले असते."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. पन्नास वर्षांचा संसार, आणि ह्या माणसाला बायकोची मावशी कुठं राहायची ते माहीत नव्हतं. आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं कारण पडलं नव्हतं.

टॅक्सी आली. रफिकचाचा धावत निरोप द्यायला आले, घाबरलेले. आईनं त्यांना सांगितलं, "भावजी, लाइट फार चांगली होती." तेवढ्यावर त्यांचा चेहरा खुलला.

मी ड्रायव्हरशेजारी बसले, तन्वी आजी-आजोबांबरोबर मागं. ताथवड्याच्या रस्त्याला पुन्हा गर्दी होती आणि ह्या वेळी कुणाला घाई नव्हती. मागून दोघांचं हळूहळू बोलणं ऐकू येत होतं.

"कुठं राहायची मावशी?"

"बाजाराच्या मागं. अंगणात मोठी विहीर. पोरांचीच तेवढी काळजी."

"स्टँडपासून लांब?"

"चालत जाण्यासारखं. तुम्ही कोल्हापूरहून आला असता ना? मग दुपारीच पोचला असता. जेवून थोडं पडला असता."

"प्रयोगाच्या आधी मी जेवत नाही."

"मावशीनं ऐकलं नसतं."

गाडी दोन हात सरकली आणि थांबली. तन्वी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, अण्णांना झोप लागली.

"पहिल्या रांगेत नको," ते एकदम म्हणाले. "तू समोर दिसलीस की मला बोलता येत नाही."

"तिसऱ्या रांगेत बसले असते," आई म्हणाली. "कडेच्या खुर्चीवर."

"मग चाललं असतं," अण्णा म्हणाले.